गुरुवार माझ्याकडे होता

ही हकिगत मी इतकी वर्षं टाळत आलो. सांगायची वेळ आली नाही असं नाही, पुष्कळदा आली. प्रत्येक वेळी मी निम्मी सांगितली आणि उरलेली निम्मी ऐकणाऱ्यांनी आपापल्या चांगुलपणाने भरून काढली. माझ्या पंचाहत्तरीला आमच्या भागातल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात मला शाल आणि नारळ दिला, तेव्हा निवेदन करणाऱ्या बाईंनी हीच गोष्ट सांगितली. एका निराधार मुलीचं दुखणं यांनी कसं ओळखलं, गल्लीला कसं कामाला लावलं, वगैरे. शेवटी माझ्या कन्नडवरचा एक विनोदही सांगितला. सगळे हसले, मीही हसलो. यंदा मंडळाच्या स्मरणिकेसाठी तेच लिहून द्या असा निरोप आला. तोंडाने निम्मं सांगून निभावतं. लिहायला बसलो तर हात चालेना. म्हणून आता सगळं लिहितो. छापायचं की नाही ते मंडळाने ठरवावं.

मी मूळचा पुण्याचा. इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर म्हणून आलो आणि निवृत्त झाल्यावर ह्याच शहरात, बनशंकरी भागात राहिलो. ऑफिसात इंग्रजी आणि हिंदी, घरात मराठी, आणि कन्नड भाजीच्या गाडीपुरतं. चाळीस वर्षांत माझं कन्नड त्या गाडीच्या पुढे गेलं नाही, असं सगळे म्हणत आणि मीही म्हणत असे. ही ख्याती मोठी सोयीची होती. कन्नड येत नाही म्हटलं की सोसायटीच्या भांडणापासून लग्नातल्या लांबलचक गप्पांपर्यंत पुष्कळ गोष्टींतून माणूस सुटतो. खरं म्हणजे मला बोलता येई त्याच्या चौपट कळत होतं. बायको गेल्यावर वेळ जाईना, तेव्हा मी एका छोट्या वहीत कन्नड शब्द लिहून ठेवू लागलो. ही वही कोणाला माहीत नव्हती.

माझ्या समोरच्या घरात अक्का राहतात. त्या माझ्यापेक्षा लहान, पण सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते म्हणून मीही म्हणतो. शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इकडे आहे असं त्या सांगतात, आणि त्यांचं मराठी ऐकल्यावर ते खरं वाटतं. "अण्णा, स्वल्प बसा की, घाई काय हाय?" असं त्या बोलतात. मला त्या अण्णा म्हणतात.

आमच्या कोपऱ्यावर झाडाखाली इस्त्रीची गाडी असते. मागच्या रिकाम्या प्लॉटवर इस्त्रीवाल्याची पत्र्याची शेड. त्यात तो, त्याची बायको आणि तीन पोरं. एका वर्षी त्यांच्याकडे एक मुलगी दिसू लागली. पंधरा-सोळा वर्षांची, हाडकुळी, दोन वेण्या. यादगीरकडून बांधकामाला आलेल्या टोळीतली. आई आधीच गेलेली. आमच्या गल्लीच्या टोकाला जी सहा मजली इमारत आहे, तिच्या कामावर बाप आणि ती दोघं होती. इमारत पुरी झाली, टोळी दुसऱ्या गावी गेली, बाप "जागा बघून येतो" म्हणून पुढे गेला आणि आला नाही. काही दिवस ती देवळाजवळ फुलं ओवायला बसायची आणि बंद दुकानांच्या ओट्यावर झोपायची. मग इस्त्रीवाल्याच्या बायकोने तिला शेडमध्ये आणलं.

ती घरोघर इस्त्रीचे कपडे पोचवू लागली. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी दार उघडून वाट बघत होतो आणि जिन्यातून तिची चाहूल ऐकत होतो. आठ पायऱ्या आणि थांबा, पाच पायऱ्या आणि थांबा. वर आली तेव्हा ओठ निळसर झालेले. कपडे माझ्या हातात देऊन ती भिंतीला टेकली आणि हसली. तिच्या कन्नडमध्ये म्हणाली, "तुमचं घर लई उंच आहे, अज्जा."

तो श्वास मी ओळखला. माझी बायको शेवटची दोन वर्षं असाच श्वास घेत होती. तिचं कारण फुफ्फुसाचं, पण आवाज तोच. मी त्याच दिवशी अक्कांना सांगितलं, आणि आठवड्याभरात अक्का, मी आणि ती मुलगी सरकारी रुग्णालयाच्या रांगेत होतो. मुलीचं दुखणं ओळखलं, हे माझ्याबद्दल जे सांगतात, ते इथपर्यंत खरं आहे.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. लहानपणी घसा सुजून ताप आला असेल, सांधे दुखले असतील, त्या तापाने हृदयातली एक झडप आकसली होती. पायातून नळी घालून, आत फुगा फुगवून ती मोकळी करता येईल, छाती उघडायला लागणार नाही. खर्च सरकारी योजनेतून होणार होता. पण तो ताप पुन्हा आला तर झडप पुन्हा बिघडणार. म्हणून पुढे कित्येक वर्षं दर एकविसाव्या दिवशी इंजेक्शन, आणि राहायला कोरडी, मोकळी जागा. एका खोलीत दाटीवाटीने राहिलं की घशाची साथ एकाची सगळ्यांना लागते. डॉक्टर म्हणाले, "औषध आम्ही देऊ. खोली आमच्याकडे नाही."

फॉर्म भरताना नात्याच्या रकान्यापाशी कारकून थांबला. त्याने अक्कांना विचारलं, "साकु मगळा?" अक्का जरासुद्धा न अडखळता म्हणाल्या, "हौदु." म्हणजे हो.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "साकु म्हणजे पुरे ना? मग हे साकु मगळु काय?"

"पुरे म्हणजे पण साकु, आणि सांभाळणं, वाढवणं म्हणजे पण साकु. साकु मगळु म्हणजे पोटची नव्हे, सांभाळलेली लेक. तुम्ही चाळीस वरसं इथं काय केलात, अण्णा?"

"भाजी आणली."

मुलगी हसली. तिला मराठी कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला असावा. घरी आल्यावर मी वहीत लिहिलं: साकु – एक, पुरे. दोन, सांभाळणे, पोसणे. ती नोंद माझ्याच अक्षरात अजून तिथे आहे.

झडप मोकळी करून झाली. राखीव रक्तासाठी गल्लीतली चार आयटीवाली पोरं सुट्टी काढून आली, त्यातला एक सुई बघून आडवा झाला आणि त्यालाच आधी ग्लुकोज द्यावं लागलं. रुग्णालयातून बालकल्याण समितीला कळवलं होतं. तिकडून एक बाई आल्या, शेड बघितली, मुलीला वसतिगृहाबद्दल विचारलं. ती म्हणाली, मी इथेच राहते. त्यांनी अक्कांच्या जबाबदारीवर तूर्त राहू दिलं आणि जागेचं काहीतरी नीट बघा असं बजावलं.

अक्कांच्या हॉलमध्ये सगळे जमले. सात घरं होती, शिवाय दाराशी इस्त्रीवाला उभा. मुलीला आता पोटभर, सकस मिळायला हवं होतं, आणि ते कोणी बघायचं हा विषय निघाला. तेव्हा मी म्हणालो, "आपण वार लावू या."

पुण्याकडच्या एक-दोघांना लगेच कळलं. माझे वडील सांगलीत शिकायला असताना वार लावून जेवले होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं सात घरी. गरीब मुलं तशीच शिकायची. अक्का तर उठूनच बसल्या. "वारान्न! आमच्यात पण होतं की! माझे आजे म्हैसुरात वारान्नावर शिकले."

"मग आमचा वार कुठला?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"तुला कशाला वार? ती राहते तुझ्याकडे," कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे रोज माझा वार." तो हसत म्हणाला, पण तो पुरता विनोद नव्हता.

वार वाटले गेले. गुरुवार मी मागून घेतला. सगळे म्हणाले, काय सुचलं तुम्हाला! मला स्वतःलाही बरं वाटलं. तेवढ्यात अक्कांनी विचारलं, "जेवणाचं झालं. झोपायचं?"

अक्कांच्या घरात त्या, अंथरुणाला खिळलेले यजमान, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. बाकीच्यांचंही तसंच, प्रत्येक खोलीत कोणीतरी होतं. माझ्या घरात तीन खोल्या आणि मी एकटा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्याकडे कोणी बघितलं नाही. म्हाताऱ्या विधुराला आपण होऊन कोण म्हणणार! अक्का एवढंच म्हणाल्या, "कोणाच्या घरी झोपायची सोय झाली तर इस्त्रीवाल्याची बायको सोबतीला येऊन झोपायला तयार हाय." ते कोणासाठी होतं हे मला कळलं. उद्या कोणी म्हणू नये की लोकलज्जेमुळे अडलं, म्हणून अक्कांनी तीही वाट मोकळी करून ठेवली होती.

मी म्हणालो, "शेडच आपण नीट करू. जोतं उचलू, पत्रे बदलू, पोरीसाठी एक आडभिंत घालू."

आणि ते मी केलं. अगदी मन लावून केलं. टेप घेऊन मापं काढली, नकाशा काढला, जोतं नऊ इंच वर घेतलं, पत्र्यांना उतार दिला, फरशी बसवून घेतली. गवंड्याच्या डोक्यावर उभा राहिलो. डॉक्टरने खोली मागितली आणि मी तिचं पत्र्यांच्या कामात रूपांतर केलं. त्या दिवसांत रोज घरी येऊन हातपाय धुताना मला माझ्या बायकोच्या खोलीचं बंद दार दिसत असे.

ती दर गुरुवारी दुपारी यायची. जिना आता एकदाच थांबून चढायची. टेबल-खुर्ची असून खाली बसायची, म्हणून मीही खाली बसू लागलो, आणि उठताना तिचा हात धरू लागलो. मला स्वयंपाक बेताचा येतो. वरण, भात, आमटी, एखादी भाजी. पहिल्याच गुरुवारी तिने आमटीचा भुरका मारला आणि डोळे मोठे केले.

"अज्जा, ह्यात गूळ आहे?"

मी मान हलवली.

"कुणाचं लग्न आहे?"

यादगीरच्या माणसाला गोड आमटी म्हणजे थट्टाच. पुढच्या वेळी ती येताना कागदात तिखट चटणी घेऊन आली आणि माझ्या ताटात वाढली. मला ठसका लागला. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "आता कोण पेशंट?" ती तिच्याकडचं कन्नड बोलायची, प्रत्येक शब्दामागे आदराचा "री" लावून. मी तुटक बोलायचो. ती माझी वाक्यं दुरुस्त करायची आणि मी मुद्दाम चुकीची ठेवायचो, कारण त्यावर ती हसायची. खरं सांगायचं तर आठवड्यात त्या एका दुपारची मी वाट बघत असे.

सातवा की आठवा गुरुवार असेल. त्या दिवशी मी बायकोच्या खोलीची खिडकी उघडायला गेलो होतो आणि दार उघडं राहिलं होतं. ती हात धुवायला जाताना दारात थांबली. पलंग, त्यावर घडी घातलेली चादर, कपाट, औषधांच्या बाटल्या ठेवायचं छोटं टेबल. "कुणाची खोली?" असं तिने विचारलं. मी "अज्जीची" असं म्हणालो. ती आत गेली नाही. नुसती बघत राहिली, मग येऊन जेवायला बसली.

त्या दिवशी ती कमी बोलत होती. मी भाताचं पातेलं घेऊन वाढायला वाकलो. रोज ह्या वेळी ती ताटावर हात आडवा धरून "साक्री" म्हणायची. साक्री म्हणजे पुरे हो. त्या दिवशी तिने हात आडवा धरला नाही. ताटाकडे बघत, हळू पण स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "नन्न साक्तीरेन, अज्जा?"

मला सांभाळाल का, आजोबा?

मला प्रत्येक अक्षर कळलं. त्या वाक्याचा दुसरा अर्थ होत नाही. ज्याला कन्नड कळत नाही त्यालाच त्यात "साक्री" ऐकू येईल. ते वाक्य तिने कितीतरी दिवस मनात घोळवलं असणार, हेही मला कळलं, कारण ते बोलून झाल्यावर तिने श्वास धरून ठेवला होता. पुढे आणखी काही सांगायचं तिच्या ओठांवर होतं. मी अमुक काम करीन, मी त्रास देणार नाही, असलं काहीतरी.

मी म्हणालो, "साका? सरी, सरी." पुरे का? बरं, बरं. आणि पातेलं उचलून आत घेऊन गेलो.

स्वयंपाकघरात मी पातेलं ओट्यावर ठेवलं. बाहेरून तिच्या हसण्याचा आवाज आला. आधी बारीक, मग मोठा. मी ताक घेऊन बाहेर आलो तेव्हा ती हसून डोळे पुसत होती. "अज्जा, तुमचं कन्नड!" एवढंच म्हणाली आणि ताटातला उरलेला भात संपवून उठली.

लोक काय म्हणतील, माझ्या लेकीला काय वाटेल, ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. माझी मुलगी सर्जापूर रोडला राहते, रविवारी येते. तिला मी विचारलंसुद्धा नव्हतं. वर्षाभराने कधीतरी बोलता बोलता ती म्हणाली, "बाबा, ती पोरगी आईच्या खोलीत राहिली असती की." म्हणजे तेही कारण खरं नव्हतं. खरं कारण श्वासाचं होतं. दोन वर्षं मी भिंतीपलीकडचा श्वास मोजत जगलो होतो. तो थांबल्यावर मला दुःख झालं आणि घरात शांतताही आली, आणि त्या शांततेची मला सवय झाली होती. पुन्हा दुसऱ्या कोणाचा श्वास ऐकत बसायची माझी तयारी नव्हती. हे कारण आहे. त्याने माझी सुटका होत नाही.

नाही म्हणालो असतो तर तिने दुसऱ्या कोणाला विचारलं असतं. निदान अक्कांना सांगितलं असतं, आणि अक्कांनी मला सोडलं नसतं. पण मी नाही म्हणालोच नव्हतो. मी तिचा प्रश्नच विनोद करून टाकला. संध्याकाळपर्यंत इस्त्रीच्या गाडीपाशी तो पोचला होता. "सर, भात हवा होता तिला, तुम्ही पातेलं पळवलंत म्हणे!" इस्त्रीवाला ओरडला. तिने तेवढंच सांगितलं होतं. काय विचारलं ते सांगितलं नव्हतं. मंडळाच्या कार्यक्रमात सांगितला तो विनोद हाच.

पुढचा गुरुवार आला, त्याच्या पुढचाही. ती तशीच यायची, हसायची. पुन्हा विचारलं नाही.

ऑक्टोबरात दहा दिवस पाऊस लागून राहिला. प्लॉटवर घोटाभर पाणी साचलं. माझं जोतं टिकलं, शेडमध्ये थेंब आला नाही. मी छत्री घेऊन जाऊन बघून आलो आणि समाधान पावलो. पण आत सहा माणसं, ओले कपडे, आणि धाकट्या पोराचा घसा सुजलेला. आडभिंत घशाच्या साथीला अडवत नाही. त्यातच तिचं त्या खेपेचं इंजेक्शन चुकलं. दर एकविसावा दिवस म्हणजे नेहमी मंगळवार यायचा. मंगळवारचं घर लग्नाला गावी गेलं होतं. सोमवारच्या घराला वाटलं उद्याचे लोक नेतील, बुधवारच्यांना वाटलं कालच्यांनी नेलं असेल. मी तिला गुरुवारी विचारलं नाही. सात घरांत वाटलेली ती मुलगी प्रत्येकाच्या लक्षात सातव्या भागाने होती. वडील एकदा म्हणाले होते, वाराने जेवणाऱ्याला कोणी उपाशी ठेवत नाही, पण तो आज आला नाही हे ज्याचा वार असेल त्यालाच कळतं. हे मला ठाऊक असून मीच वार लावले होते.

ताप आला, सांधे सुजले. आम्ही तिला रुग्णालयात नेलं तेव्हा फुग्याने मोकळी केलेली झडप आता गळू लागली होती. पुढच्या वर्षी छाती उघडून धातूची झडप बसवावी लागली. त्या तरुण डॉक्टरांना मी एकटं गाठून विचारलं, "ती वेगळ्या खोलीत राहिली असती तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. घरात राहूनही होतं काही जणांना." हे वाक्य मी पुष्कळ दिवस जपून वापरलं.

ऑपरेशननंतर समितीने तिला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे तिला वेगळा पलंग होता, नर्स होती. अक्का दर महिन्याला जायच्या. मी दोनदा गेलो. एकदा भेटून परत येताना आम्ही रिक्षात होतो. अक्का म्हणाल्या, "तिने मला सांगितलं आज. भाताचं."

"काय?"

"तुम्हाला काय विचारली होती ते. म्हणते, अज्जांना कळलंच नाही, मला हसूच आलं. मग वाटलं, बरं झालं नाही कळलं ते. उगीच त्यांना संकोच."

मी बाहेर बघत राहिलो.

"मी तिला म्हटलं, हो बाई, त्यांचं कन्नड तसंच आहे." अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "तसंच आहे की नाही, अण्णा?"

रिक्षात त्याच तर होत्या शेजारी, साकुचा अर्थ सांगितला तेव्हा. मी म्हणालो, "हो. तसंच आहे." अक्का त्यानंतर त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. माझ्याशी त्यांचं वागणंही बदललं नाही. फक्त तेव्हापासून त्या माझ्याशी अधूनमधून सरळ कन्नडमध्ये बोलतात, आणि मी उत्तर देतो.

अठरा पुरी झाल्यावर ती बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात पॅकिंगला लागली. आता मेट्रो तिकडे जाते, मधे एकदा गाडी बदलावी लागते. मी एके दिवशी गेलो. जाताना गाडीत कन्नड वाक्यं मनात म्हणत गेलो. चार-पाचच होती, व्याकरण तपासलेलं होतं. दुपारची पाळी सुटल्यावर ती फाटकातून मैत्रिणीबरोबर बाहेर आली. अंग भरलेलं, वेणी एक. मला बघून धावत आली, धावत, आणि धाप लागली नाही.

जवळच्या हॉटेलात आम्ही तिघं बसलो. मैत्रिणीने कन्नडमध्ये विचारलं, "हे कोण?"

"आमचे अज्जा. पाप, त्यांना कन्नड येत नाही."

कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारा. मला ते ठाऊक होतं. तरी मी मराठी माणूस, तो शब्द कानात जायचा तसाच गेला.

मग ती माझ्याकडे वळली आणि माझ्यासाठी सावकाश, मोडक्या हिंदीत बोलू लागली. "अज्जा, आप कैसा है? आमटी में गुड़ डालता है अभी भी?" तिने मला तिचं सगळं सांगितलं. रक्त पातळ राहायची गोळी रोज, महिन्याला रक्ताची तपासणी. पालेभाजी मनाला येईल तशी खायची नाही, अंबाडी जिवापाड आवडते तीही मोजून. खोलीत चौघी जणी, खिडकी मोठी. मूल होऊ देण्याआधी दहा डॉक्टरांना विचारावं लागेल म्हणे, असं ती सहज म्हणाली आणि मैत्रिणीने तिला चिमटा काढला. मग ती म्हणाली, "अज्जा, कान इधर लाओ. घड़ी सुनो." आणि तिने तोंड उघडलं. धातूची झडप मिटताना आवाज होतो आणि तोंड उघडलं की तो बाहेर ऐकू येतो, त्या मुली खोलीत हाच खेळ खेळायच्या. मी कान नेला. टिक, टिक, टिक. अगदी नियमित.

मैत्रीण म्हणाली, "आम्हाला गजर लावावा लागत नाही."

त्या दोघी हसत होत्या आणि माझी वाक्यं माझ्या तोंडाशी होती. ती बोलायची म्हणजे आधी कन्नडमध्ये तोंड उघडायचं. धड एक वाक्य बोललो असतो तरी तिला सगळं समजलं असतं. कन्नड येत नाही म्हणून ती इतकी वर्षं मला जी सवलत देत आली, ती फुकट गेली असती. मी हिंदीत म्हणालो, "अच्छा चल रहा है ना? बस." तिने मला स्टेशनापर्यंत सोडलं, जिन्याशी माझा हात धरला.

त्यानंतर तिने नोकरी बदलली. माझ्याकडचा फोन नंबर लागत नाही. अक्कांकडे नवा नंबर असणार. मी मागितलेला नाही. हे लिहितो आहे ते मराठीत, आणि मराठी तिला वाचता येत नाही, हेही मला कळतं.

गाडीत पाठ केलेली ती वाक्यं अशी होती:

पोरी, मला कन्नड कळतं. त्या गुरुवारी तू काय विचारलंस ते मला तेव्हाच कळलं होतं. खोली रिकामी होती. तुला नाही म्हणायला मला लाज वाटली, म्हणून मी तुझ्यापुढून भात उचलला. तू त्याला हसलीस, आणि मी तुला हसू दिलं. मला क्षमा कर.